विजयालक्ष्मी पंडित केवळ नेहरूंच्या भगिनी म्हणून राजदूत झाल्या का?

आपण विचारले आहे की विजयालक्ष्मी पंडित यांचे राजनैतिक कर्तृत्व त्यांचे स्वतःचे होते की भावाच्या नावाची ती पुण्याई होती, आणि त्यांचा वारसा म्हणून आज नेमके काय उरले आहे. पदे मिळण्यात नात्याचा वाटा होता, हे आधीच मान्य करून टाकू. तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पद हाती आल्यानंतर त्यांनी जे केले, त्यातले बरेचसे नात्याच्या जोरावर होण्यासारखे नव्हते, आणि एके ठिकाणी तर ते नाते काडीच्याही उपयोगाला आले नाही. वारशाविषयी मात्र माझे मत आपल्याला कदाचित थोडे अनपेक्षित वाटेल.

सप्टेंबर १९४६ मध्ये अंतरिम सरकार आले आणि परराष्ट्र खाते जवाहरलाल नेहरूंनी स्वतःकडे ठेवले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांतील भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मींकडे आले, १९४७ मध्ये मॉस्को, १९४९ मध्ये वॉशिंग्टन आणि १९५४ मध्ये लंडन अशा तीन बड्या राजधान्या त्यांना एकामागून एक मिळाल्या. आजच्या काळात अशा नेमणुका झाल्या असत्या तर वर्तमानपत्रांनी त्यांचा समाचार घेतला असता आणि तो रास्तच ठरला असता. फक्त त्या वेळची परिस्थितीही ध्यानात घ्यावी लागते. स्वतंत्र देशाची परराष्ट्र सेवा तेव्हा उभीच राहायची होती. जे अनुभवी अधिकारी हाताशी होते ते ब्रिटिश सरकारच्या चाकरीत घडलेले होते, आणि म्हणून वॉशिंग्टनला असफ अली, लंडनला कृष्ण मेनन अशी स्वातंत्र्यलढ्यातली विश्वासाची माणसे धाडली गेली. विजयालक्ष्मी त्या पंगतीतल्या होत्या. संयुक्त प्रांताच्या मंत्रिमंडळात १९३७ मध्येच त्यांनी स्थानिक स्वराज्य आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती सांभाळली होती आणि तीन वेळा तुरुंगवास भोगला होता.

आपल्याकडे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती अशी की त्या मराठी घराण्याच्या सून होत्या. अलाहाबादच्या स्वरूपकुमारी नेहरू यांचा विवाह मे १९२१ मध्ये रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला. हे घराणे मूळचे कोकणातल्या बांबुळीचे. वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित, ज्यांचे नाव तुकारामगाथेच्या ‘इंदुप्रकाश’ आवृत्तीशी जोडलेले आहे, ते याच घराण्यातले. लग्नात सुनेचे नाव बदलण्याच्या आपल्या रिवाजाप्रमाणे स्वरूपकुमारींच्या विजयालक्ष्मी झाल्या. रणजित हे बॅरिस्टर आणि संस्कृतचे गाढे अभ्यासक. त्यांनी ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतर केले. तुरुंगवासात त्यांची प्रकृती ढासळली आणि सुटकेनंतर जानेवारी १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. पदरी तीन मुली, मुलगा नाही, त्यामुळे तेव्हाच्या हिंदू कायद्याच्या आधारे सासरच्या संपत्तीतला त्यांचा हक्क नाकारला गेला. अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवून आलेल्या, मंत्रिपद सांभाळलेल्या बाईंची ही अवस्था. त्या वर्षअखेरीस त्या अमेरिकेला गेल्या, त्यामागे राजकारण होते तसेच व्याख्याने देऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याची निकडही होती.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही अमेरिकावारी मला महत्त्वाची वाटते, कारण तेव्हा भाऊ अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होता आणि त्याच्या हाती बहिणीला देण्यासारखे कोणतेही पद नव्हते. एप्रिल १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेची परिषद भरली, तेव्हा भारताचे अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले होते आणि सर रामस्वामी मुदलियार त्याचे प्रमुख होते. विजयालक्ष्मींना सभागृहात स्थान नव्हते. त्यांनी बाहेर पत्रकार परिषदा घेतल्या, सभा गाजवल्या, परिषदेला निवेदन दिले आणि आत बसलेली मंडळी भारताच्या जनतेच्या वतीने बोलत नाहीत हे अमेरिकन वृत्तपत्रांच्या गळी उतरवले. नेहरूंची बहीण म्हणून लोक ऐकायला येत असतील, हे खरेच. पण पुन्हा पुन्हा ऐकायला येण्यासाठी वक्त्याकडे त्याहून अधिक काही असावे लागते.

त्यांच्या कारकिर्दीतला एकच प्रसंग निवडायचा झाला तर मी १९४६ च्या हिवाळ्यातला निवडेन. दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी नाताळ आणि ट्रान्सवाल या प्रांतांमधल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घालणारा कायदा केला. तिथल्या भारतीयांनी सत्याग्रह सुरू केला, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फील्ड मार्शल यान स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेत मूलभूत मानवी हक्कांचा उल्लेख आला, त्यात ज्यांचा हात होता तेच हे स्मट्स. त्यांचा युक्तिवाद कायद्याच्या चौकटीत भक्कम होता: हा आमचा अंतर्गत मामला आहे, सनदेच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे संघटनेला त्यात लक्ष घालता येत नाही, आणि शंका असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्या. प्रकरण न्यायालयाकडे गेले असते तर ते वर्षानुवर्षे तिथेच खितपत पडले असते, हे दोन्ही बाजू जाणून होत्या.

विजयालक्ष्मींसोबत त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महंमद करीम छागला होते आणि कायद्याच्या मुद्द्यांचा मोठा भार त्यांनी उचलला. बाईंनी आपले बोलणे मुद्दाम कलमांच्या पलीकडे ठेवले. वंशावरून माणसांना वेगळे काढणारा कायदा हा केवळ एका देशाचा प्रश्न राहत नाही, सनदेवर सही करणाऱ्या प्रत्येकाच्या शब्दाचा तो प्रश्न होतो, ही त्यांची मांडणी होती. दक्षिण आफ्रिकेकडून उलट मारा झालाच. अस्पृश्यता आणि जातिभेद पाळणाऱ्या देशाने आम्हाला समतेचे धडे द्यावेत का, असे विचारले गेले, आणि त्याच सुमारास नौखाली व बिहारमधून दंगलींच्या बातम्या येत होत्या. हा टोला वर्मी लागणारा होता. आपल्याकडचा दोष नाकारण्याची सोय नव्हती. दोष समाजात असणे आणि तो सरकारने नव्याने कायदा करून लादणे यांतला फरक दाखवणे एवढेच करता येण्यासारखे होते.

८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेत नावे पुकारून मतदान झाले. फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मांडलेल्या ठरावाच्या बाजूने ३२, विरोधात १५, आणि ७ देश तटस्थ. अमेरिका आणि ब्रिटन विरोधात होते. महत्त्वाच्या प्रश्नाला दोन-तृतीयांश बहुमत लागते आणि तटस्थ मते त्यात धरत नाहीत, म्हणजे ४७ पैकी किमान ३२ हवी होती. एक मत फिरले असते तर ठराव पडला असता. ज्या देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ महिने बाकी होते, त्याने अमेरिका आणि ब्रिटन यांच्या विरोधात जाऊन ही मते गोळा केली. लॅटिन अमेरिका, अरब देश, सोव्हिएत गट, चीन अशा एरवी एकत्र न येणाऱ्या मंडळींना एका ठरावामागे उभे करणे हे जेवणाच्या टेबलापासून मार्गिकेतल्या गप्पांपर्यंत दिवसचे दिवस चालणारे काम असते, आणि ते भावाच्या चिठ्ठीने होत नाही. मतदानानंतर त्या स्मट्स यांच्या आसनापाशी गेल्या आणि आपल्याकडून काही कमीजास्त बोलले गेले असल्यास क्षमा मागितली. गांधीजींनी निघण्यापूर्वी तशी समज दिली होती, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. हा विजय पोकळ आहे, असे स्मट्स त्यांना म्हणाले.

स्मट्स अगदीच चुकीचे नव्हते. दक्षिण आफ्रिकेने तो ठराव धुडकावला, पुढच्याच वर्षी तशाच ठरावाला दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत, आणि १९४८ मध्ये स्मट्स यांचा पराभव करून जो पक्ष सत्तेवर आला त्याने वर्णभेदाचे पूर्ण शासन उभे केले. परंतु ‘अंतर्गत मामला’ या भिंतीला त्या मतदानाने जे भगदाड पडले ते पुन्हा बुजले नाही. १९५२ पासून खुद्द वर्णभेद हा विषयच आमसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला आणि तो संपेपर्यंत तिथून हटला नाही. माझ्या मते त्यांचा खरा वारसा हा आहे.

मॉस्कोची कहाणी उलटी आहे. पंतप्रधानांची सख्खी बहीण तिथे सुमारे दीड वर्ष राजदूत होती आणि स्टालिन यांनी तिला एकदाही भेट दिली नाही. सोव्हिएत नेतृत्वाच्या लेखी तेव्हाचा भारत ब्रिटिशांच्याच कच्छपी लागलेला होता, त्यामुळे तिथे कोणीही गेले असते तरी हेच झाले असते असे म्हणता येईल. पण त्यांच्यानंतर गेलेल्या राधाकृष्णन यांना स्टालिन भेटले, हेही नोंदवायला हवे. दरम्यानच्या काळात मॉस्कोचा दृष्टिकोन बदलू लागला होता, आणि राधाकृष्णन यांचे व्यक्तिमत्त्वही वेगळे होते. मॉस्कोचा काळ यशस्वी म्हणता येत नाही.

वॉशिंग्टनला त्यांनी अधिक कसोटीचे काम केले. डिसेंबर १९५० मध्ये, देशात धान्याची भीषण टंचाई असताना, त्यांनी अमेरिकी परराष्ट्रमंत्री डीन अचेसन यांच्याकडे २० लाख टन धान्याची मागणी ठेवली. त्याच वेळी कोरियात युद्ध पेटले होते आणि चीनला आक्रमक ठरवायला भारत तयार नव्हता. तेथील संसदेचे, म्हणजे अमेरिकी काँग्रेसचे, अनेक सदस्य उघड विचारत होते की आमच्या विरोधात मत देणाऱ्यांना आम्ही धान्य का द्यावे. मदत मागायची, पण धोरण सोडायचे नाही, अशी ती तारेवरची कसरत होती. जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपाने धान्य मंजूर झाले.

सप्टेंबर १९५३ मध्ये त्या आमसभेच्या आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्ष झाल्या. जगातली पहिली स्त्री म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव येते ते याचमुळे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी या एका ओळीचे इतके पाठांतर करून घेतले आहे की १९४६ चे मतदान झाकोळून जाते, याची मला खंत वाटते. अध्यक्षपद मानाचे आहे, पण अध्यक्ष सभा चालवतो, ठराव जिंकत नाही. त्यांच्यानंतर त्या आसनावर दुसरी स्त्री येण्यास १६ वर्षे लागली, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स यांच्या रूपाने, आणि २०२५ पर्यंत ही संख्या जेमतेम पाचवर पोहोचली.

लंडनमधली सात वर्षे, सुएझ कालव्याचा पेच धरूनही, मी ओलांडून पुढे जातो, कारण त्या काळात मोठे निर्णय दिल्लीतच होत असत. महाराष्ट्राशी त्यांचा दुसरा संबंध नोव्हेंबर १९६२ मध्ये आला. चीनच्या युद्धामुळे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, आणि त्याच महिन्यात विजयालक्ष्मी राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल म्हणून मलबार हिलवरच्या राजभवनात आल्या. वर्षभराने कन्नमवारांचे निधन झाले आणि वसंतराव नाईकांचे पर्व सुरू झाले. राज्यपालपदाला मर्यादा असतात आणि त्यांचा जीव तिथे रमला असे दिसत नाही. भावाच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये त्यांनी पद सोडले आणि फुलपूरमधून लोकसभेत गेल्या. पुढे आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्या सख्ख्या भाचीच्या पक्षाविरुद्ध प्रचाराला उतरल्या. नात्यामुळे सर्व मिळाले असे म्हणणाऱ्यांनी हाही हिशेब मांडावा.

आता वारशाची दुसरी बाजू. विजयालक्ष्मींमुळे परराष्ट्र सेवेची दारे स्त्रियांना खुली झाली, असे अनेकदा लिहिले जाते. ते मला पटत नाही. त्या राजकीय नेमणुकीने आल्या होत्या आणि राजकीय नेमणुकीला सेवेचे नियम लागू नसतात. त्या वॉशिंग्टनला राजदूत होत्या त्याच १९४९ साली कूर्गच्या सी. बी. मुथम्मा स्पर्धा परीक्षेतून परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या, तेव्हा लग्न केल्यास राजीनामा देईन असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. पुढे १९६१ च्या नियमांत तर स्पष्टच होते की महिला अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसाराची जबाबदारी कामाच्या आड येईल असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. मुथम्मा १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या, सेवेतून वर येऊन ते पद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. तरीही बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. सुनावणीच्या दरम्यान सरकारने बढती देऊन टाकली, आणि सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात लिहिले की आम्ही याचिका फेटाळत आहोत, प्रश्न फेटाळत नाही. लग्नाच्या परवानगीचा नियम सरकारला काढून टाकावा लागला. परराष्ट्र सचिवाच्या खुर्चीत पहिली स्त्री, चोकिला अय्यर, बसल्या त्या २००१ मध्ये, म्हणजे विजयालक्ष्मी मॉस्कोला रुजू झाल्यानंतर ५४ वर्षांनी.