मुलाशी बुद्धिबळ खेळताना मुद्दाम हरावे का?

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा सांगण्याची पद्धत वेगवेगळी असली तरी काळजी बहुधा एकच असते. मूल हरले की रडते, हरण्याची चिन्हे दिसू लागताच सोंगट्या उधळून देते, किंवा मित्रमैत्रिणींशी तासन्‌तास खेळते आणि आईवडिलांनी पट मांडला की मात्र उठून जाते. त्यापुढचा प्रश्नही जवळजवळ ठरलेला असतो: "आम्ही मधूनमधून मुद्दाम हरावे का?" या प्रश्नाला मी स्पष्टपणे "नाही" असे उत्तर देते; पण तसे का, आणि मुद्दाम हरायचे नसेल तर काय करायचे, हे एका कुटुंबाच्या अनुभवातून अधिक नीट सांगता येईल. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि अनेक भेटींतले बोलणे येथे थोडक्यात आणले आहे.

वडील स्वतः चांगले खेळाडू होते आणि शाळकरी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेत. वर्गातली मुले त्यांच्याकडे ओढीने येत, घरी जायची वेळ झाली तरी पटावरून उठत नसत. त्यांचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा मात्र काही महिन्यांपासून त्यांच्यासमोर बसायलाच तयार नव्हता. पहिल्या भेटीत वडिलांच्या बोलण्यात रागापेक्षा दुखावलेपण अधिक जाणवले. "मॅडम, दुसऱ्यांची मुलं माझ्याकडून शिकतात आणि माझाच मुलगा म्हणतो, मला बुद्धिबळ आवडत नाही. मी त्याला दोन वेळा मुद्दाम जिंकू दिलं, तर तो आणखीच चिडला."

मुलाशी मी एकट्याने बोलले. जिंकल्यावर राग का आला, असे विचारताच तो म्हणाला, "बाबांनी हत्ती फुकट ठेवला होता. मला कळलं. मी जिंकलोच नव्हतो."

"आणि खरंच हरतोस तेव्हा काय होतं?"

"बाबा डाव मागे नेतात. मी चुकलो तिथे थांबतात आणि म्हणतात, हे कसं दिसलं नाही तुला?"

"मग तू काय सांगतोस?"

"काहीच नाही. दिसलं नाही एवढंच मला माहीत असतं. कसं दिसलं नाही, ते कुठून सांगू?"

दहा वर्षांच्या मुलाने दिलेले हे उत्तर मानसशास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक आहे, आणि पालकांशी बोलताना मी ते वारंवार सांगते. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ आद्रिआन द ख्रोट यांनी १९४६ मध्ये बुद्धिबळपटूंच्या विचारप्रक्रियेवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. श्रेष्ठ खेळाडू इतरांपेक्षा कितीतरी अधिक चाली पुढचे पाहतात असा समज असतो. द ख्रोट यांना आढळले ते असे, की पुढे पाहण्याच्या पल्ल्यात फारसा फरक नसतो, मात्र चांगली खेळी श्रेष्ठ खेळाडूच्या डोळ्यांसमोर आधीच आलेली असते. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी हे अधिक स्पष्ट केले. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती बरीचशी जशीच्या तशी मांडून दाखवतो. त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या तर मात्र त्याची स्मरणशक्ती नवशिक्याहून फारशी सरस ठरत नाही. म्हणजे मुरलेला खेळाडू सोंगट्या सुट्या पाहत नाही, त्यांचे ओळखीचे गट पाहतो. वडिलांना जो पट पाच-सहा अर्थपूर्ण गटांचा दिसतो, तोच मुलाला सुट्या सोंगट्यांची गर्दी वाटतो. अशा वेळी "हे कसं दिसलं नाही?" हा प्रश्न विचारणे म्हणजे जी लिपी मूल अजून शिकलेले नाही, तिच्यातला मजकूर न वाचल्याबद्दल त्याला जाब विचारणे होय.

पुढच्या भेटीत मी वडिलांसमोर पट ठेवला आणि त्यांना विनंती केली, की मी तुमच्या वर्गातली नवी विद्यार्थिनी आहे असे समजून माझ्याशी खेळा. थोड्या खेळ्यांनंतर मी एक घोडा असा ठेवला, की त्यांचा उंट तो सहज मारू शकत होता. त्यांनी हात मागे घेतला आणि शांतपणे विचारले, "ही खेळी करताना तुमच्या मनात काय होतं?" मी काहीतरी सांगितले. त्यांनी ते पूर्ण ऐकले आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे. आता माझ्या उंटाच्या जागी बसून पटाकडे बघा बरं." हे शिकवणे इतके सुंदर होते, की त्यांच्या वर्गातली मुले उठत का नाहीत हे मला त्या क्षणी समजले.

मग मी सोंगट्या पुन्हा मांडल्या. "आता मी तुमचा मुलगा आहे," असे म्हणून त्याच खेळ्या केल्या आणि घोडा पुन्हा त्याच घरात नेला. ते ताबडतोब उद्गारले, "अरे, घोडा! किती वेळा सांगितलंय, हात उचलायच्या आधी समोरची सोंगटी..."

वाक्य पूर्ण झाले नाही. ते बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. अशा वेळी समुपदेशकाने बोलण्याची घाई करू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी शिकवते. मीही बोलले नाही. शेवटी तेच म्हणाले, "वर्गात मी असं कधीच बोलत नाही."

"वर्गातला एखादा मुलगा हरला, तर तुमचं काय जातं?"

"काहीच नाही. उलट त्याला पुढे काय शिकवायचं ते कळतं."

"आणि तुमचा मुलगा हरला तर?"

उत्तर यायला वेळ लागला. "तर लोक म्हणतील, याला घरात शिकवता येत नाही, हा दुसऱ्यांना काय शिकवणार."

या एका वाक्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधीच्या सगळ्या भेटी खर्ची पडल्या होत्या, आणि त्या सार्थकी लागल्या असे मला वाटते. माझा कल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. माणसाला प्रसंग जेवढा अस्वस्थ करतो, त्याहून अधिक त्या प्रसंगाला त्याने दिलेला अर्थ करतो, हे तिचे सूत्र. एलिस यांचा आणखी एक आग्रह होता: माणसाच्या कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, पण अख्ख्या माणसाला गुण देऊ नयेत. या घरात एका फुकट गेलेल्या घोड्यावरून दोन माणसांची किंमत ठरवली जात होती. मुलाला वाटत होते की आपण बाबांच्या नजरेतून उतरलो, आणि बाबांना वाटत होते की आपण जगाच्या नजरेतून उतरलो. खेळ त्या दोघांमध्ये उरलाच नव्हता.

बुद्धिबळातले गुणांकन हा विचार समजावायला फार उपयोगी पडते. आर्पाद एलो यांच्या पद्धतीने खेळाडूंना त्यांच्या ताकदीनुसार जे गुण मिळतात, त्यांत दोन खेळाडूंमध्ये ४०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूने दोघांमधल्या डावांतल्या एकूण गुणांपैकी सुमारे ९० टक्के मिळवणे अपेक्षित असते. जाणता बाप आणि दहा वर्षांचा मुलगा यांच्यातले अंतर अनेकदा याहून मोठे असते. तेव्हा मुलाचे रोज हरणे हे साधे गणित आहे. त्याची बुद्धी, चिकाटी किंवा स्वभाव यांबद्दल ते काहीही सांगत नाही. मुलाला मी हे आकड्यांसह सांगितले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे शंभरात दहा गुण मिळवले तरी मी बरोबर खेळतोय?" त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा मोकळा झाला.

मुद्दाम हरणे मला का मान्य नाही, ते यातूनच स्पष्ट व्हावे. मुलाला ते बहुतेक वेळा कळते, आणि कळल्यावर "तू खऱ्या डावाच्या लायकीचा नाहीस" एवढाच निरोप त्याच्यापर्यंत पोहोचतो. त्यापेक्षा उघडपणे सूट द्यावी. ही काही मुलांसाठी काढलेली पळवाट नाही. एकोणिसाव्या शतकात बलाढ्य खेळाडू कमकुवत प्रतिस्पर्ध्याशी खेळताना आपली एखादी सोंगटी सुरुवातीलाच पटावरून काढून ठेवत, आणि पॉल मॉर्फीसारखा अद्वितीय खेळाडूही असे डाव खेळला आहे. वडिलांनी वजीर बाजूला ठेवून खेळावे आणि नंतर मात्र पूर्ण ताकदीने, एकही खेळी न सोडता खेळावे. मूल बऱ्यापैकी जिंकू लागले की वजीर परत आणून हत्ती काढावा, मग घोडा, मग एखादे प्यादे. सूट कमी होणे हीच मुलाची खरी, डोळ्यांना दिसणारी प्रगती असते. घड्याळ लावून वडिलांनी कमी वेळ घ्यावा, हाही तितकाच प्रामाणिक मार्ग आहे. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, हा नियम घरात पाळायचा असेल तर तो वडिलांनाही लागू असावा. मुलांच्या न्यायबुद्धीला अशा गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात.

मी वडिलांना आणखी एक बंधन घातले. घरी डाव संपल्यावर त्यांनी मुलाच्या खेळ्यांवर विधान करायचे नाही, विचारायचाच असेल तर प्रश्न विचारायचा, आणि तोही मुलगा स्वतः डाव घेऊन आला तर. खेळ्या लिहून ठेवण्याची सवय येथे फार कामी येते, कारण लिहिलेला डाव पळून जात नाही. रडू ओसरल्यावर, दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने तो तपासता येतो. मोठ्या स्पर्धांतही डाव संपल्यावर दोन्ही खेळाडू शेजारी बसून, कोण जिंकले हे बाजूला ठेवून, डाव पुन्हा मांडतात. हा या खेळातला मला सर्वांत प्रिय असलेला शिष्टाचार आहे. तपासणी दोघांच्या खेळ्यांची व्हायला हवी. वडिलांनी आपल्या चुका आधी दाखवाव्यात.

त्याच सुमारास मी मुलाला सुचवले, की आईला बुद्धिबळ शिकव. आईला तोवर सोंगट्यांच्या चालीही नीट ठाऊक नव्हत्या. वडिलांना यात वेळेचा अपव्यय दिसला, पण ज्याला दुसऱ्याला समजावून सांगावे लागते त्याचे स्वतःचे ज्ञान बांधेसूद होते, हे वर्ग घेणाऱ्या माणसाला पटवणे कठीण गेले नाही. आईने एके दिवशी सहज विचारले, "घोडा पांढऱ्या घरातून निघाला की प्रत्येक वेळी काळ्याच घरात कसा जातो?" मुलाने हे कधी पाहिले नव्हते. त्याने सगळ्या घरांवरून घोडा फिरवून पाहिला आणि तसेच होते आहे हे पाहून तो हरखून गेला. आईने त्याला कधी शाबासकी दिली असेल-नसेल. तिने खऱ्या कुतूहलाने प्रश्न विचारले, आणि त्याचा परिणाम शाबासकीहून मोठा झाला.

काही दिवसांनी आईने विचारलेला एक प्रश्न त्याला सुटेना, तेव्हा तो आपणहून वडिलांकडे गेला. "बाबा, समोर एकटा राजा असेल, तर राजा आणि दोन घोडे मिळून मात करता येते का?" समोरचा चुकला नाही तर ती मात लादता येत नाही, हे वडिलांना पक्के ठाऊक होते. ते त्यांनी सांगितले नाही. "मांडून बघू," एवढेच म्हणाले. त्या रात्री दोघे कितीतरी वेळ बसले होते. कधी एकटा राजा निसटत होता, कधी त्याला शह नसतानाच चालायला घर उरत नव्हते आणि डाव बरोबरीत संपत होता. मग दोघे बाजू बदलून पुन्हा सुरुवात करत होते. त्या बैठकीत कोणी हरले नाही, कोणी जिंकले नाही. पुढच्या भेटीत हे सांगताना मुलगा वडिलांच्या आधी बोलत होता आणि वडील त्याला बोलू देत होते. इतक्या भेटींत मी हे पहिल्यांदाच पाहत होते.

स्पर्धेहून परतणाऱ्या मुलाला काय विचारावे, हे पालक मला हमखास विचारतात. निकाल विचारू नये, तो मूल स्वतः सांगते. "आज कोणत्या खेळीपाशी सर्वांत जास्त थांबलास?" असे विचारावे आणि उत्तर कळले नाही तरी ऐकावे. रडणाऱ्या मुलाला "त्यात काय रडायचं, खेळच तर आहे" असे म्हणू नये. ज्या गोष्टीत त्याने काही तास जीव ओतला, ती त्याच्यासाठी त्या वेळी क्षुल्लक नसते. रडू बहुधा थोड्या वेळात ओसरते. मात्र पराभवानंतर मूल स्वतःला सतत नावे ठेवत असेल, त्याची झोप किंवा शाळा बिघडत असेल, किंवा खेळाबाहेरच्या लहानशा चुकांनीही ते कोसळत असेल, तर प्रश्न पटापुरता राहिलेला नाही असे समजून लवकर भेटायला यावे.

या घरात सध्या वडील एक घोडा काढून ठेवून खेळतात आणि मुलगा जवळपास निम्मे डाव जिंकतो. पुढच्या सुट्टीत घोड्याऐवजी फक्त एका प्याद्याची सूट घ्यायची, हे मुलानेच ठरवले आहे. स्पर्धेचे नाव त्याने अजून काढलेले नाही, आणि त्याच्याआधी वडिलांनी ते काढू नये, असे मी त्यांना सांगितले आहे.