लाव्यांसाठी माळ कसा राखावा?

प्रश्न : पुरंदर तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. त्यातील दीड एकर मुरमाड माळ असून तिथे बाजरीही धड येत नाही. लहानपणी त्या माळावरून चालताना पायांजवळून लाव्यांचा थवा भर्रकन उडत असे. आता वर्षाकाठी एखादा दिसला तर दिसतो. ते पक्षी परत यावेत म्हणून तिथे सलग समतल चर खणून गिरिपुष्प व कडुनिंब लावण्याचा विचार आहे. हे योग्य होईल का? (एक वाचक, जि. पुणे)

उत्तर : तुमचा हेतू मनापासून आवडला, म्हणूनच स्पष्ट सांगतो : तिथे झाडे लावू नका आणि चरही खणू नका. लावा हा जमिनीवरचा पक्षी आहे. तो जमिनीवर चरतो, जमिनीवरच झोपतो आणि गवताच्या ठोंबाखाली उथळ खळगा करून त्यात अंडी घालतो. दाट झाडोऱ्याच्या सावलीत गवत मरते, आणि त्याच झाडांवर बसून कावळे व शिक्रे खालच्या घरट्यांवर नजर ठेवतात. चर खणताना मुरमावरचा चार बोटांचा मातीचा थर उलथतो व पवन्या, मारवेल, डोंगरी यांसारख्या बहुवर्षायू गवतांची मुळे उखडली जातात. मग त्या जागी तणे माजतात आणि मूळचे गवत सहजासहजी परत येत नाही.

आपल्याकडे अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची सवय जुनी आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांतही झुडपी माळ त्याच गटात मोडतो. 2016 ते 2019 या काळात राज्यात 50 कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला, तेव्हाही झाड नसलेली जागा म्हणजे उजाड जागा हीच समजूत सर्वत्र होती. परंतु पर्जन्यछायेतील या माळांवर गवत आणि विरळ काटेरी झुडपे हीच मूळची वनस्पती आहे. तुमच्या दीड एकरात दगडी लावा बारमाही राहू शकतो, पावसाळ्यात वर्षा लावा वीण करू शकतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा लावा शेजारच्या रब्बीच्या रानात उतरतो. तितराला बोरी-हिवराची जाळी लागते, तर पखुर्डी या जमिनीवरच राहणाऱ्या पक्ष्याला जवळजवळ उघडी, खडकाळ जमीन हवी असते. म्हणून एकाच माळावर उंच गवत, आखूड गवत, झुडूप आणि उघडा मुरूम हे सगळे थोडेथोडे असणे महत्त्वाचे आहे. गवताच्या दोन ठोंबांमध्ये इतकी मोकळी जागा हवी की अंगठ्याच्या पेराएवढे पिल्लू तिथून पळू शकेल.

याच कारणासाठी माळाला कुंपण घालून चराई कायमची बंद करणेही मी सुचवणार नाही. वर्षानुवर्षे न चरलेले, न कापलेले गवत वाळून एकावर एक लोळते आणि त्याच्या गादीखालून पिल्लांना चालता येत नाही. त्यापेक्षा माळाचे दोन भाग करावेत. एक भाग मृगापासून दिवाळीपर्यंत राखावा आणि दुसऱ्यावर मेंढ्या, शेळ्या चरू द्याव्यात. पुढच्या वर्षी भाग बदलावेत. धनगरांशी आधीच बोलून ठेवलेत तर तेही हा नियम पाळतील, असा माझा अनुभव आहे. तरवड, हेकळ आणि बोरीची झुडपे तोडू नयेत. उन्हाळ्यात माळ पेटवून देण्याची प्रथा मात्र पूर्ण थांबवावी, कारण तितराची वीण साधारण चैत्र-वैशाखातच सुरू झालेली असते.

प्रश्न : बटेरपालन (पाळीव लाव्यांचे पालन) करणाऱ्याकडून शंभर पक्षी विकत घेऊन गावच्या गायरानात सोडले, तर लाव्यांची संख्या लवकर वाढेल का? (एक वाचक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : नाही, आणि कृपया तसे करू नये. पालनातले ते पक्षी जपानी लावे आहेत. त्यांची जात वेगळी आहे. अंडी व मांसासाठी त्यांना 1970 च्या दशकात उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आणण्यात आले आणि तिथून त्यांचा देशभर प्रसार झाला. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या या पक्ष्यांना दबून बसणे व वेळेवर उडणे उरलेले नसते, त्यामुळे मुंगूस, मांजर आणि कुत्री त्यांना काही दिवसांतच संपवतात. जे जगतील त्यांच्यापासून रानच्या लाव्यांना धोका अधिक आहे. युरोपात शिकारीसाठी सोडलेल्या पाळीव लाव्यांचा रानच्या लाव्यांशी संकर झाल्याचे स्पेनसारख्या देशांत आढळले आहे, आणि त्यातून स्थलांतराची उपजत ओढ क्षीण होण्याची भीती अभ्यासकांना वाटते. त्या पैशांतून गायरानावरचे अतिक्रमण मोजून घ्या आणि मोकाट कुत्र्यांचा प्रश्न ग्रामसभेत मांडा. जागा योग्य असेल तर पक्षी आपोआप येतात.

रानातले लावे व तितर धरणे किंवा त्यांची अंडी उचलणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही गावात सर्वांना सांगावे.

प्रश्न : आमच्याकडे सोयाबीन व तूर असते. धुऱ्यावरचे (बांधावरचे) गवत तणनाशकाने जाळले नाही तर ते पिकात येते. माळ नसलेल्या शेतकऱ्याने या पक्ष्यांसाठी काय करावे? (एक वाचक, जि. वाशीम)

उत्तर : धुरा हाच तुमचा माळ आहे. मोठा लावा दाणे खातो, परंतु पिल्लांना पहिले दोन आठवडे किडेच लागतात आणि ते किडे तणांवर व गवतावर वाढतात. इंग्लंडमधील ससेक्सच्या शेतांत तितराच्या जवळच्या जातीचा अनेक वर्षे अभ्यास झाला. तिथे पिल्ले मरत होती ती मुख्यत्वे उपासमारीने. तणनाशकाने तणे गेली, तणांबरोबर किडे गेले. मग शेतकऱ्यांनी शेताच्या कडेचा सुमारे सहा मीटरांचा पट्टा जवळजवळ बिनफवारणीचा ठेवला, तेव्हा जगणाऱ्या पिल्लांची संख्या वाढली. आपल्या लहान शेतांत सहा मीटर सोडणे कठीण आहे, हे मी जाणतो. पण धुऱ्यावर फवारा मारू नये आणि त्याला लागून असलेल्या पिकाच्या दोन ओळी हाताने निंदाव्यात, एवढे बहुतेकांना जमते. पीक कापताना चहूबाजूंनी आत न जाता एका कडेने सुरुवात करावी, म्हणजे पक्ष्यांना दुसऱ्या कडेने निघता येते. कोणते गवत राखावे हे कळत नसेल, तर तुमच्याच अकोला-वाशीम भागात तणमोर या दुर्मिळ पक्ष्यासाठी गवताळ माळ राखणारे फासेपारधी समाजातील लोक आहेत. त्यांच्याइतकी गवताची ओळख क्वचितच कोणाला असेल.

विळ्याने गवत कापणाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवावे. भाद्रपदात एका बांधावर वैरण कापणाऱ्या बाई माझ्यासमोर अचानक थांबल्या. मारवेलाच्या ठोंबाखाली पिवळसर, तपकिरी ठिपक्यांची सात अंडी होती. त्यांनी हातभर गवत भोवती तसेच ठेवले, शेजारी काठी रोवून तिला चिंधी बांधली आणि पुढे कापत गेल्या. नवव्या दिवशी मी गेलो तेव्हा खळग्यात नुसती टरफले होती, टोकाशी गोल कापल्यासारखी उघडलेली, आणि बाजूच्या तुरीत लावा हळू आवाजात पिल्लांना हाका मारत होता.