घरच्या तुरीला भुंगे लागलेत, पोत्यात पावडर मिसळली तर चालेल का?

खायच्या तुरीत अजिबात नको. मॅलॅथिऑन किंवा डेल्टामेथ्रिन हे रिकाम्या खोलीच्या भिंती, फरशी अन् पोत्यांवर बाहेरून मारायचं औषध आहे. मॅलॅथिऑन ५० ईसी (पाण्यात मिसळून फवारायचं द्रव औषध) असेल तर १ लिटर औषधाला १०० लिटर पाणी, अन् असं ३ लिटर द्रावण १०० चौरस मीटरला. माल भरायच्या आधी मारा, नीट वाळू द्या.

पण एक दाणा हातात घेऊन पाहा. वर पांढरा ठिपका चिकटलेला दिसतो ना, ते अंडं. अळी तिथूनच सरळ दाण्यात शिरते, मग बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. हा भुंगा बहुतेक वेळा वावरातूनच शेंगेसोबत घरी येतो, म्हणून कोठीला दोष देऊन फायदा नाही.

सल्फॉसच्या (धान्यात ठेवायच्या कीडनाशक) गोळ्या म्हणाल, तर त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. झोपायच्या खोलीत पोतं ठेवून गोळी टाकणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ. कृषी केंद्रवाला सहज देतो म्हणून आणू नका. अशा विषारी वायूची धुरी देणं प्रशिक्षित माणसाचंच काम.

आपल्याकडे उन्हाची काय कमी! तूर पातळ पसरून कडक वाळवा, चाळा, थंड झाल्यावरच हवाबंद कोठीत भरा. थोडी असेल तर किलोला ५ मिली खायचं तेल चोळा. नाहीतर सरळ डाळ करून टाका, हा भुंगा डाळीपेक्षा अख्ख्या दाण्यालाच जास्त लागतो. बियाण्याची तूर वेगळी. तिला औषध लावलं तर पोत्यावर ठळक लिहून ठेवा.