किनाऱ्यावरचे किलोमीटर

निवृत्तीनंतर दोघांनीच गाडी काढायची आणि समुद्राच्या कडेकडेने रमतगमत जायचं, असा बेत केलेल्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. काही निवडून आज उत्तरं देते. प्रत्येकाचा किनारा वेगळा आहे. म्हणून कुठेही लागू पडेल तेवढंच सांगते. उदाहरणं मात्र जगभरची आहेत.

प्रश्न : आमची वयं 67 आणि 64. मार्ग साधारण 900 किलोमीटरचा आहे. ह्यांचं म्हणणं, चार दिवसांत आरामात होईल. मला दहा दिवस हवेत. कोणाचं बरोबर?

तुमचं. ह्यांचं ऑफिस सुटलं, पण टार्गेट काही सुटलेलं दिसत नाही.

हमरस्त्यावरचे 900 किलोमीटर आणि किनाऱ्यावरचे 900 किलोमीटर ही एकच गोष्ट नव्हे. खाडी आली की रस्ता आत वळतो, पूल किंवा फेरीबोट गाठतो आणि पुन्हा बाहेर येतो. समोरचं गाव डोळ्यांना दिसत असतं, पण तिथे पोचायला तास लागतो. केपटाउनजवळचा चॅपमन्स पीक हा रस्ता जेमतेम 9 किलोमीटरचा, त्यात 114 वळणं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणाऱ्या मार्गावर बऱ्याच ठिकाणी एकच गाडी मावते. समोरून कोणी आलं की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, हात हलवायचा आणि पुढे निघायचं. अशा रस्त्यांवर सरासरी वेग काढण्यात काही अर्थ नाही.

माझा हिशेब तासांचा असतो. दिवसाला इंजिन तीन तासांपेक्षा जास्त चालू नको, आणि गाडी चालवण्याचे दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवशी ती जागची हलवायची नाही. तीन तासांत किनाऱ्यावर फार तर दीडशे किलोमीटर होतात. म्हणजे तुमचे सहा दिवस चालवण्याचे आणि तीन बसून राहण्याचे. दहावा दिवस राखीव ठेवा. तो लागतोच. कॅलिफोर्नियात बिग सरच्या किनाऱ्यावर 2017 च्या मे महिन्यात दरड कोसळली, तेव्हा रस्ता 2018 च्या जुलैपर्यंत बंद होता. हे टोकाचं उदाहरण झालं, पण कड्याच्या पोटातून काढलेला कुठलाही रस्ता एखाद्या दिवसासाठी बंद पडू शकतो.

ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड 243 किलोमीटरचा आहे. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी तो 1919 ते 1932 या काळात आपल्या गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ बांधला. लोक मेलबर्नहून पहाटे निघतात, सगळा पाहतात आणि रात्री परततात. आम्हीही पहिल्या वेळी असंच केलं होतं. त्या दिवसातलं मला आठवतं ते पार्किंग. दुसऱ्यांदा चार दिवस घेतले.

प्रश्न : समुद्र कोणत्या हाताला ठेवावा? प्रवास कुठूनही सुरू करता येण्यासारखा आहे.

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. ज्या देशात वाहनं डाव्या बाजूने चालतात तिथे समुद्र डाव्या हाताला ठेवा, उजव्या बाजूने चालतात तिथे उजव्या. पश्चिम किनारा असेल आणि वाहतूक डावीकडून असेल, तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं. कॅलिफोर्नियात वाहतूक उजवीकडून, म्हणून तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे. बेटाला पूर्ण वळसा घालायचा असेल तर डावीकडच्या वाहतुकीत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जा, उजवीकडच्या वाहतुकीत उलट.

यात देखावा तर चांगला दिसतोच, पण खरं कारण सुरक्षेचं आहे. समुद्र बघायच्या थांब्यांवर गाडी आत घेताना आणि पुन्हा रस्त्यावर आणताना समोरून येणारी वाहतूक कापावी लागत नाही. समोरच्या गाडीचा वेग नेमका किती, हा अंदाज वयानुसार चुकायला लागतो, आणि दिवसातून दहा वेळा तो घ्यावा लागू नये हे बरं. तुमच्यापैकी कोणाला उंचीची भीती वाटत असेल तर मात्र उलट दिशेने जा. डोंगराच्या बाजूला राहिलं की पोटात गोळा येत नाही.

उन्हाचाही विचार करा. किनारा दक्षिणेला असेल आणि तुम्ही पश्चिमेकडे निघाला असाल, तर दुपारनंतर सूर्य थेट काचेत येतो. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या मानाने साधारण एक तृतीयांश उरतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा झोत पसरून सगळंच पांढरं दिसतं. म्हणून सकाळी चालवा आणि तीनच्या आत मुक्कामाला पोचा. सूर्यास्त पाहायला चालत जाता येईल अशी खोली घ्या. अंधारात वळणांवरून परतायची वेळ येऊ नये.

प्रश्न : आमच्या मार्गात एक छोटं बेट आहे. ओहोटीत तिथे गाडी नेता येते. पाणी हळूहळूच चढतं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही ना?

घाबरू नका, पण पाणी हळूहळू चढतं हे खरं नाही. ओहोटी संपल्यापासून पूर्ण भरती व्हायला साधारण सहा तास लागतात. खलाशी या चढाचे बारा भाग करतात. पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. भरती-ओहोटीतला फरक सहा मीटर असेल तर पहिल्या तासात अर्धा मीटर चढतं आणि तिसऱ्या तासात तब्बल दीड मीटर. माणसाची फसगत पहिल्या तासात होते. काही होत नाही असं वाटतं, आणखी एक फोटो काढला जातो आणि मग सपाट वाळूवर पाणी चालणाऱ्याला मागे टाकतं. हा अंदाज ढोबळ आहे. खाडीच्या तोंडाशी आणि अरुंद आखातात गणित आणखी बिघडतं.

इंग्लंडच्या ईशान्येला लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. त्याचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचे फलक लावलेले असूनही गाड्या अडकतात आणि माणसांना सोडवून आणावं लागतं. फ्रान्समध्ये पासाज द्यू ग्वा हा चार किलोमीटरहून थोडा लांब रस्ताही असाच, आणि वाटेत अडकलेल्यांना चढून बसायला तिथे उंच खांब उभारलेले आहेत. ते खांब बघितले की मला पुरेसं कळतं.

भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल कोणीतरी सांगितलेली वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि फरक सर्वांत मोठा असतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे फरक कमी. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, भूमध्य समुद्रात तर ती बहुतेक ठिकाणी जाणवतही नाही. त्यामुळे त्याच जागेचं, त्याच दिवसाचं वेळापत्रक बघा.

तुमच्याकडे वेळ आहे, त्याचा फायदा घ्या. बेटावर राहायची सोय असेल तर तिथेच रात्र काढा. दिवसाचे पर्यटक रस्ता बुडायच्या आत घाईघाईने निघून जातात, पाणी चढतं आणि बेट खऱ्या अर्थाने बेट होतं. पुळणीवर गाडी मात्र उतरवू नका. भाड्याच्या गाडीचा विमा वाळूत आणि खाऱ्या पाण्यात झालेलं नुकसान सहसा भरून देत नाही.

प्रश्न : गाडी फक्त हेच चालवतात. मी वीस वर्षांपूर्वी सोडली. वाटेत ह्यांना काही झालं तर?

हा विचार तुमच्या मनात आला, तर तो टाळू नका. निघायच्या तीन महिने आधी पुन्हा हात बसवा. शिकवणाऱ्याकडे पैसे देऊन पाच-सहा तास घ्या. नवऱ्याकडून गाडी शिकण्यापेक्षा समुद्रात पोहायला शिकणं सोपं. परवाना चालू आहे का तेही बघा. भाड्याने घेणार असाल तर ऑटोमॅटिक घ्या आणि करारात दुसरा चालक म्हणून तुमचं नाव लिहून घ्या. नाव नसताना चालवलीत आणि अपघात झाला, तर विमा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. काही देशांत पंचाहत्तरीच्या आसपास गाडी भाड्याने द्यायलाच नकार मिळतो. म्हणून वयाची अट विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारा.

प्रवासात रोज सकाळी, रस्ता सरळ आणि रिकामा असताना, अर्धा तास तुम्ही चालवा. ह्यांनी त्या वेळात समुद्राकडे बघावं. ब्रेककडे नको.

आणि छातीत दुखणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं, तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून येता कामा नये. गाडी बाजूला घ्या आणि तातडीचा नंबर फिरवा. युरोपात तो 112 आहे. बाकी देशांचा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. कड्याआड नेटवर्क जातं, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

प्रश्न : मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. बायकोला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आहे. काय काळजी घ्यावी?

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये लागतं. चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकतं, नेमकं किती ते पाकिटावर वाचा. उन्हात उभ्या गाडीचं तापमान मात्र खोलीचं नसतं. डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका, थंड पिशवीतून सोबत उतरवा. बर्फाला थेट टेकवूही नका, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. गाडी सुरू करण्याआधी साखर तपासायची सवय लावा.

गोळीची वेळ प्रवासाच्या दिवसांत पुढे नेता येईल का, हे बाईंनी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. स्वतःच्या मनाने बंद करू नये, आणि वाटेत थांबावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नये. चार तासांहून जास्त सलग बसलं की पायात रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करा. किनाऱ्यावर त्यासाठी निमित्त शोधावं लागत नाही.

प्रश्न : ह्यांना विस्मरणाची सुरुवात आहे, सहा महिन्यांपूर्वी निदान झालं. समुद्र त्यांना फार आवडतो. मुलं म्हणतात, आता प्रवास नको.

मी जा म्हणेन. डॉक्टरांशी बोलून, आणि लवकर. पण दोन-तीन गोष्टी कडक ठेवा.

गाडी त्यांनी चालवायची का, हा निर्णय निघण्याआधी डॉक्टरांसमोर होऊ दे, रस्त्यावर नको. तुम्ही चालवणार नसाल तर चालक घ्या. रोज नवी खोली घेऊ नका. त्यांना सर्वांत अवघड जाईल ती रात्र. जाग आली आणि दार कुठे, न्हाणीघर कुठे हे उमजलं नाही की माणूस बावरतो. म्हणून एकाच ठिकाणी पाच-सहा रात्री राहा आणि तिथूनच दिवसा इकडे-तिकडे जाऊन या. न्हाणीघरातला दिवा चालू ठेवा. घरची उशी, घरची चादर न्या. त्यांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. दुपारनंतर गोंधळ वाढत असेल तर सगळं सकाळीच करा.

‘काल आपण कुठे होतो?’ असं परीक्षेसारखं विचारू नका. आठवणार नाही, आणि आठवत नाही हे त्यांना कळेल. लाट येताना ती बघायला कालची आठवण लागत नाही. मुलांना सोबत यायचं असेल तर येऊ दे, पण शेजारच्या खोलीत.

प्रश्न : ह्यांना फोटोचं वेड. कठड्यापलीकडे जाऊन काढतात, माझं ऐकत नाहीत.

हे वाचून दाखवा. ग्रेट ओशन रोडवर लंडन ब्रिज नावाची दुहेरी खडककमान होती. 15 जानेवारी 1990 रोजी तिची किनाऱ्याकडची कमान अचानक कोसळली. पलीकडे दोन पर्यटक अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. तिथून जवळच्याच ‘बारा प्रेषित’ सुळक्यांपैकी एक 2005 च्या जुलैत काही क्षणांत खाली आला. कडा वरून भक्कम दिसतो, पण त्याला खालून समुद्र खात असतो.

प्रश्न : खाऱ्या हवेने गाडी गंजेल का?

आठ-दहा दिवसांत नाही. तरी अधूनमधून, आणि परतल्यावर नक्की, खालचा भाग गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. चिखल आणि वाळू साठते त्या चाकांवरच्या खोबणी विसरू नका. पुढची काच रोज सकाळी धुवा. मिठाचा पातळ थर उन्हात चकाकतो आणि समोरचं दिसत नाही. कोरड्या फडक्याने पुसलीत तर वाळूचे चरे पडतात. आधी पाणी, मग फडकं. चष्म्यालाही तेच.