फोटोतले दोघं हसत का नाहीत?

लाडक्या चिऊ,

अक्षय्य तृतीयेला व्हिडिओ कॉलवर आजीनं पाटावर मांडलेला जुना फोटो पाहून तू विचारलंस, "आजी फोटोला कुंकू का लावते? आणि ते दोघं रागावलेत का?" इथे जर्मनीत तेव्हा शाळेची घाई होती. म्हणून आता सावकाश लिहितो.

ते माझे आजी-आजोबा, म्हणजे तुझे पणजी-पणजोबा. लग्नानंतर त्यांनी काढलेला हा एकच फोटो. कापूस विकला गेल्यावर दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, मूर्तिजापूर गाठलं, तिथून रेल्वेनं बडनेरा, मग अमरावती. एवढा प्रवास एका फोटोसाठी! नीट बघ, पणजोबांच्या काळ्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्यात, कारण कोट स्टुडिओतला आहे. पायात मात्र काही नाही. मागचा संगमरवरी जिना पडद्यावर रंगवलेला. पणजी खुर्चीला हात टेकून उभी, गळ्यातली एकदाणी मुद्दाम पदराबाहेर काढलेली.

ते रागावलेले नाहीत, बेटा. 1839 साली फोटोची कला जगापुढे आली तेव्हा माणसाला काही मिनिटं निश्चल बसावं लागे. पुढे तर डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार देत. पणजीच्या वेळी काचेवर चांदीच्या क्षारांचा थर असे. स्टुडिओत उजेड खिडकीचाच, त्यामुळे क्षणभर तरी श्वास रोखून बसायचं. ती सांगायची, "फोटोवाला म्हने, हालू नोका, हाल्लं का तोंड पुसलं जाते." शिवाय जन्मात एकदाच निघणाऱ्या फोटोत, तेही नवऱ्याशेजारी, दात दाखवणं तिला कसं जमावं?

आता कुंकवाचं. आपल्याकडे त्या दिवशी पितरांना पाणी देतात. आजी खिळ्यावरचा फोटो उतरवते, मऊ धडप्यानं पुसते, पणजोबांना गंध, पणजीला कुंकू लावते, पुढे पाण्यानं भरलेला करा, पुरणपोळी आणि चिंचवणी ठेवते. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा म्हणाली, "वर्षाचं पानी त्यायले द्या लागते ना बापा." सासू-सासऱ्यांना घरात वाढावं तसंच ती वाढते. मला हे फार मोलाचं वाटतं. जिवंत माणसाच्या फोटोला मात्र हार घालायचा नसतो, हे लक्षात ठेव. तू माझ्या फोटोला फुलं चिकटवलीस तेव्हा आजी त्यामुळेच दचकली.

पणजीच्या गालावरचा पांढरा डाग तू विचारला नाहीस, पण सांगतो. एका पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटला. फ्रेम बदलायला दिली तेव्हा दुकानदारानं तो ओढून काढला आणि गालाचा थर काचेवरच राहिला. मी बारा वर्षांचा होतो. घरी येईपर्यंत रडलो. चिकटलेला फोटो ओढायचा नसतो, काचेवरूनच त्याचा फोटो घ्यायचा, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीत गावी जाऊ तेव्हा आजीबरोबर फोटो पूस. फडकं कोरडंच घे. कुंकू काचेवर लाव, अगदी थोडं, म्हणजे पणजीचे डोळे झाकले जाणार नाहीत.

तुझा,
बाबा