गणपतीत डाएटला सुट्टी दिली तर?

श्रावण संपत आला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कुणी विचारतं, "मॅडम, मोदक किती चालतील?" कुणी थेट म्हणतं, "गणपतीनंतरच येते." दोघींच्या मनात भीती एकच असते. चार दिवस नियम सोडला की तीन महिन्यांची मेहनत पाण्यात.

गेल्या वर्षी मालवण तालुक्यातल्या एक ताई कुडाळला माझ्याकडे येत होत्या. वय त्रेचाळीस, पतसंस्थेत खिडकीवरचं काम, दिवसभर खुर्ची. आंबे संपल्यावर, म्हणजे जूनच्या सुरुवातीला वजन ८१ किलो होतं, बारा आठवड्यांत ते ७५.४ वर आलं. दिवसाला साधारण १४०० कॅलरी. त्यांच्या शरीराला आहे त्या वजनावर राहायला १८५० च्या आसपास लागत होत्या. म्हणजे रोजची तूट साडेचारशे. फार नाही, थोडीही नाही. मला ही गती आवडते.

गणपतीच्या दहा दिवस आधी त्या आल्या आणि म्हणाल्या, "मी ह्या वेळी पाचही दिवस उपास धरतंय. खाल्लंच नाय तर प्रश्नच नाय." घरात पंचवीस माणसं, मुंबईहून दीर-जावा तुतारी एक्स्प्रेसने येणार, आणि घरची मोठी सून ताटावर बसून फक्त काकडी खाणार! मी विचारलं, "ताई, भीती मोदकाची आहे की स्वतःची?" त्या गप्प बसल्या. मग नागपंचमीची गोष्ट निघाली.

नागपंचमीला त्यांनी ठरवून दोन पातोळ्या घेतल्या. हळदीच्या पानाचा वास, वरून तूप. तिसरी हातात आली तेव्हा मनात आलं, 'भिजलंयच, तर न्हाऊनच घेतंय.' सहा पातोळ्या, संध्याकाळी फरसाण, रात्री परत भात. पुढचे दोन दिवस सोलकढी आणि काकडीवर काढले. वहीत त्या दिवसावर लाल पेनाने काट मारली होती. पतसंस्थेतली सवय, चुकलेल्या नोंदीवर मारतात तशी.

मला त्या सहा पातोळ्यांची चिंता वाटली नाही. वाटली ती लाल रेघेची आणि त्या दोन उपाशी दिवसांची. मानसशास्त्रात या 'भिजलोच आहे तर' वृत्तीवर कॅनडाच्या पॉलिव्ही आणि हर्मन या संशोधकांनी बरंच काम केलं आहे. नियम कडक असला की एकदा मोडल्यावर माणूस थोडा मोडून थांबत नाही. तिसऱ्या पातोळीने ताईंचं काही बिघडवलं नव्हतं. 'दिवस गेला' हा निकाल त्यांनी दिला, आणि पुढच्या तीन पातोळ्या त्या निकालावर आल्या.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी देवगडकडच्या एका तरुणाला मी रविवारची 'चीट डे'ची मुभा दिली होती. तेव्हा तशी पद्धतच होती. त्याची सुट्टी शनिवारी रात्री सुरू व्हायची. कोंबडी-वडे, बिअर, रविवारी पुन्हा वडे, आईस्क्रीम, झोपताना शेव. सहा दिवस तो रोज पाचशेची तूट सोसायचा, म्हणजे तीन हजार. रविवारी तो ती अख्खी भरून काढायचा. दोन महिने काटा हलला नाही आणि तो म्हणत राहिला, "मी आठवड्यातले सहा दिवस करतोय ना!" करत होताच तो. आपल्याकडची गटारी आठवा. उद्यापासून बंद म्हणून आज गळ्यापर्यंत. मी त्या पोराला दर आठवड्याला एक गटारी दिली होती. 'चीट' हा शब्दच मला आता खटकतो. त्यात चोरी आहे, आणि चोरून खाणारा माणूस घाईत, उभ्याने आणि जास्त खातो.

सुट्टी ही वेगळी गोष्ट आहे. सुट्टीत तूट थांबते, म्हणजे शरीराला लागतं तेवढं खायचं. ताईंच्या बाबतीत १४०० ऐवजी साधारण १८५०. पाच दिवसांत न झालेली तूट २२५०. किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. तर पूर्ण पाच दिवसांच्या सुट्टीची किंमत पाव किलोहून जरा जास्त, आणि तेही वाढणार नाही, फक्त उतरायचं राहील. ताई आकडेमोडीच्या माणूस. त्यांनी कॅल्क्युलेटर काढून दोनदा तपासलं.

"पण गती मोडेल त्याचं काय? शेजारीण सांगता, एकदा सोडलंस की परत धरूक जमणा नाय." हा प्रश्न योग्य होता. अमेरिकेत विंग आणि जेफरी या दोन संशोधकांनी नेमकं हेच पाहायला २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वजन उतरवणाऱ्यांना मुद्दाम रजा द्यायची, ती माणसं घसरतात कशी ते बघायचं. माणसं घसरलीच नाहीत. रजा संपल्यावर बहुतेक परत वळणावर आली आणि न थांबलेल्यांपेक्षा फार मागे राहिली नाहीत. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये ५१ लठ्ठ पुरुषांवर झालेला प्रयोग २०१७ साली आला. दोन आठवडे कमी खाणं, दोन आठवडे पुरेसं खाणं असं आलटून पालटून करणाऱ्यांचं वजन सलग करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं, सुमारे चौदा किलो विरुद्ध नऊ. हा आकडा लोक नाचवतात, पण त्यांना वेळही जवळजवळ दुप्पट लागला होता. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच, व्यायाम करणाऱ्या लोकांवरच्या दुसऱ्या प्रयोगात चरबी दोन्हीकडे सारखीच उतरली. फरक पडला तो भुकेत. मधे आठवडाभर सुट्टी घेणाऱ्यांना भूक कमी जाणवली. म्हणून 'सुट्टी घ्या, वजन भराभर उतरेल' असं मी कुणाला सांगत नाही. सुट्टीने बिघडत नाही आणि पुढचा पल्ला सुसह्य होतो, एवढं सांगते.

खरं तर आपल्या भागात ही शिकवण घराघरात आहे. वार पाळणारी माणसं आपण. सोमवारी, गुरुवारी मासे नाहीत, बुधवारी आहेत. बुधवारी बांगडा खाल्ला म्हणून सोमवारचा वार फुकट गेला असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मग आम्ही बसून ठरवलं. सुट्टी चतुर्थीच्या सकाळी सुरू, गौरी-गणपती विसर्जनाच्या रात्री बंद. शेवटची तारीख आधीच ठरलेली, कारण तारीख नसली की सुट्टीचा मुक्काम होतो. पाच दिवस वही बंद, काटा पलंगाखाली. जेवायचं ते पान वाढून, बसून. मोदक जेवणात, तूप घालून, दोन-तीन. सणात कॅलरी पानातून फारशा वाढत नाहीत. त्या वाढतात सारणाची चव बघताना, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर घेतलेल्या साखरेच्या चहात, आणि भजन संपल्यावर रात्री बारा वाजता उघडलेल्या करंजीच्या डब्यात. भजनी मंडळींची काळ्या वाटाण्याची उसळ खुशाल खा, डबा मात्र जावेच्या ताब्यात द्या, असं मी सांगितलं.

विसर्जनानंतरच्या सकाळी साडेसहाला फोन. काटा बघायचा नाही असं ठरलं होतं, तरी बाईंनी पलंगाखालून ओढून काढलाच. "मॅडम, दीड किलोच्या वर! सांगलेलंय ना मी?" आवाज रडवेला.

मी म्हटलं, हिशोब करूया. दीड किलो चरबी चढायला साडेअकरा हजार कॅलरी जास्तीच्या लागतात, तेही रोजच्या १८५० च्या वर. एक उकडीचा मोदक दीडशेचा धरला तर पाच दिवसांत पंच्याहत्तरहून जास्त मोदक, नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त. "खाल्लात?"

थोडा वेळ शांतता. मग, "येवढे वळतली कोण?"

मग उरलेलं सांगितलं. भात, गूळ, तांदळाची उकड पोटात गेली की शरीर त्यातली साखर स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवतं, आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यात सणाच्या जेवणातलं मीठ. कमी खाण्याच्या दिवसांत हा साठा उतरलेला असतो, तो आता भरला. फोन ठेवण्याआधी एकच अट घातली. आज उपास नाही. सकाळी पेज, दुपारी नेहमीचं १४०० चं जेवण, संध्याकाळी चालणं. नागपंचमीनंतरचे दोन उपाशी दिवस परत आले असते तर पुढची पातोळी ठरलेलीच होती.

अकरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा वजन ७५.३. तिसऱ्या दिवशी पाच मोदक झाले हेही त्यांनी सांगितलं, न विचारता. त्यानंतर रात्री फक्त वरण घेतलं म्हणे, भूकच नव्हती.

मात्र ही सुट्टी सगळ्यांसाठी सारखी नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. आणि ज्यांना खायला लागलं की थांबताच येत नाही, लपवून खाल्लं जातं, खाऊन उलटी काढावीशी वाटते, त्यांच्याशी मी कॅलरीचं बोलतच नाही. त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

ताईंची डोंबिवलीची धाकटी जाऊ, जिच्या ताब्यात करंज्यांचा डबा होता, तिचा मला नवरात्रीत फोन आला. तिलाही वजन उतरवायचंय. पण आधी दिवाळीची सुट्टी घेऊन मग डाएट सुरू केलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल, फक्त तोवर जे खाता ते लिहून ठेवा. निळ्या पेनाने.