मोठ्या कंपनीतून २२ जणांच्या कंपनीत जाऊ का?

प्रश्न: ताई, मी एका खूप मोठ्या कंपनीत अकाउंट्सला चार वर्षं आहे. पगार वेळेवर, सुट्ट्या, इन्शुरन्स सगळं नीट, पण काम म्हणाल तर रोज तीच एक शीट भरायची, ती पुढे कुठे जाते तेही मला ठाऊक नाही. आता २२ जणांच्या एका कंपनीतून ऑफर आलीये. पगार थोडा कमी आहे पण सगळा हिशोब तूच बघायचा म्हणतात. घरचे म्हणतात एवढं नाव असलेली कंपनी कोण सोडतं? काय करू?
– द्विधेत अडकलेली

उत्तर: अगं, आधी पगाराचं मनातून काढून टाक. मोठ्या कारखान्यात मजुरी जास्त मिळते हे हेन्री मूर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९११ मध्येच लिहून ठेवलंय, त्यामुळे थोडा कमी आकडा आला म्हणजे तुझी किंमत कमी केली असं अजिबात नाही.

आणि घरच्यांना नावाचा जो भरवसा वाटतो ना, तोही पुरा नाही. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक १८५० पासूनची, साधारण २५ हजार माणसं कामाला, आणि सप्टेंबर २००८ मध्ये दिवाळं निघालं. अर्थात छोट्या कंपन्या जास्त बंद पडतात हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही.

तुझी शीट कुठे जाते ते तुला कळत नाही यात तुझी चूक नाही गं. २२ माणसांत दोघादोघांच्या जोड्या केल्या तर २३१ होतात, २,००० माणसांत जवळजवळ २० लाख, मग सगळ्यांनी सगळ्यांशी बोलणं शक्यच नसतं म्हणून कामाचे तुकडे पाडावे लागतात आणि त्यातला एक तुकडा तुझ्या वाट्याला येतो. पण चार वर्षं एकच तुकडा, हे मला तुझ्यासाठी खरंच खटकतंय.

मी स्वतः १७ जणांच्या कंपनीत होते. एका महिन्यात आमच्या सरांनी माझ्या टेबलवर दोन कागद ठेवले, एक पगाराची यादी आणि एक सप्लायरचं थकलेलं बिल, आणि म्हणाले आज यातलं एकच जाईल, कुठलं ते सांग. मी पगार म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या सप्लायरचा फोन मलाच आला, अर्धा तास बोलून तीन हप्ते ठरवले, हात थरथरत होते माझे. उधारी वसूल होणं आणि नुसती विक्री दिसणं यातला फरक मला त्या दिवशी कळला, तोवर तो फक्त परीक्षेत लिहिला होता.

पण याचं ओझंही असतं आणि ते तुला कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. पैसे संपत आलेत हे मालकानंतर सगळ्यात आधी तुला कळणार, आणि शेजारी बसलेली मुलगी नवीन कर्ज काढायच्या गोष्टी करत असली तरी तुला गप्प बसावं लागणार. दुसरं म्हणजे तुझ्या आताच्या कंपनीत बिल एक जण करतो, मंजूर दुसरा करतो, पैसे तिसरा सोडतो, म्हणजे चूक झाली तरी कुठेतरी अडते. तिथे तिन्ही तूच असशील तर कधी हिशोबात घोळ निघाला की बोट फक्त तुझ्याकडेच दाखवलं जाणार, तू कितीही सरळ असलीस तरी.

त्यामुळे हो म्हणायच्या आधी मालकांना समोर बसून विचार की उद्यापासून एक पैसा आला नाही तर पगार किती महिने निघतील, आणि सगळ्यात मोठा एक ग्राहक गेला तर किती धंदा जातो. अकाउंट्सच्या माणसाने हे विचारणं आगाऊपणा नाही, तुझं कामच ते आहे. उत्तर देताना टाळाटाळ केली किंवा हसण्यावारी नेलं तर सरळ नाही सांग. नीट आकडे दिले, तुझ्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे आणि घर तुझ्या एकटीच्या पगारावर चालत नाही, तर जा. मी तुझ्या जागी असते तर गेले असते.

फक्त एक, बँकेतून पैसे सोडायचं फायनल अप्रूव्हल मालकांकडेच राहील हे ऑफर लेटरमध्ये लिहून घे. तोंडी नको.